हाकेच्या अंतरावरचा मिस्त्री

मुंबईच्या जुन्या भागातल्या पाट्या नुसत्या वाचत गेले, तरी कारागिरांची हजेरी घेतल्यासारखे होते. लोहार चाळ, सुतार चाळ, तांबाकाटा, कुंभारवाडा, धोबी तलाव. उत्तरेकडे सरकले की चुनाभट्टी, अंधेरीची तेली गल्ली, मुलुंडचा मिठागर रस्ता. आज लोहार चाळीत ऐरणीचा आवाज येत नाही, तिथे विजेच्या तारा, बटणे आणि झुंबरे घाऊक भावाने मिळतात. धोबी तलावाला तलावही उरलेला नाही. या नावांवर उसासे टाकत एक लेख सहज लिहिता येईल, आणि तसे लेख पुष्कळ लिहिले गेले आहेत. पण लोहार चाळीतला लोहार गेला तेव्हा आपण रडलो नाही, कारण तिथे मिळणारी बटणे आपल्याला हवी होती. एवढे कबूल करूनच पुढच्या प्रश्नाकडे वळले पाहिजे.

प्रश्न असा, की हाताच्या कामांना यापुढे काही किंमत राहणार आहे का, आणि राहणार असेल तर ती कोणाच्या पदरात पडणार आहे. २०२२च्या अखेरीपासून बोलणारी, लिहिणारी, हिशेब मांडणारी यंत्रे घराघरांत पोचली, तेव्हापासून हा विषय आमच्या गिरगावातल्या वाडीतही गच्चीवरच्या गप्पांत येऊ लागला आहे. ज्यांनी जन्मभर टेबलाशी बसून काम केले आणि मुलांनाही टेबलाशीच बसवले, अशी माणसे (मीही त्यांतलाच, बँकेतून निवृत्त झालेला) आता म्हणू लागली आहेत, की कारकुनाचे काम यंत्र करील, पण गळका नळ कोण दुरुस्त करणार? त्याच दमात दुसरे स्वप्नही बोलून दाखवले जाते. कर्जत-मुरबाडकडे अर्धा एकर घ्यावा, विहीर खणावी, दोन गाई बांधाव्यात, छपरावर सौर पॅनेल टाकावे आणि शहराकडे पाठ फिरवून स्वयंपूर्ण राहावे. पहिले म्हणणे अर्धे खरे आहे. दुसरे त्याहून कमी.

गेल्या मे महिन्यात आमच्या वाडीचा पाण्याचा पंप जळाला. ज्या कंपनीचा पंप होता तिचा माणूस आला, त्याने झाकण उघडून आत डोकावले, या मॉडेलचे सुटे भाग आता येत नाहीत, नवा पंप घ्या, असे सांगितले आणि भेटीचे पैसे घेऊन तो गेला. मागच्या गल्लीत मोटर वाइंडिंगचा एक गाळा आहे, जेमतेम ऐंशी चौरस फुटांचा. तिथल्या काकांनी मोटर उघडण्याआधीच, नुसता शाफ्ट बोटाने फिरवून, बेअरिंगही गेले आहे हे ओळखले. जळकी वेटोळी छिन्नीने कापून काढण्याआधी एका खाचेत किती वेढे आहेत ते मोजून वहीत लिहिले, तारेची जाडी गेजवर पाहिली, निघालेल्या जुन्या तांब्याचे वजन केले आणि त्याची किंमत बिलातून वजा केली. मग फर्म्यावर नवी तार गुंडाळली, खाचांत कागद घातला, वेटोळी एकेक करून हाताने बसवली, वार्निश पाजले आणि मोटर रात्रभर दिव्याच्या उष्णतेखाली सुकत ठेवली. चौथ्या दिवशी पंप सुरू झाला. खर्च नव्या पंपाच्या पाव किमतीहूनही कमी आला.

हे काम यंत्राला करता येणार नाही, असे कोणी छातीठोकपणे सांगू नये. ते यंत्राला परवडणार नाही, एवढेच म्हणणे पुरेसे आहे. नवी मोटर गुंडाळणारी यंत्रे कारखान्यांत केव्हाची आहेत, कारण तिथे दहा हजार मोटरी एकसारख्या असतात. जळालेल्या मोटरी मात्र एकसारख्या नसतात. प्रत्येक मोटर आपल्या निराळ्या कारणाने जळते. यंत्रमानवशास्त्राचे अभ्यासक हान्स मोरावेक यांनी १९८८मध्ये एक गोष्ट लक्षात आणून दिली होती, की बुद्धिमापन चाचणी सोडवण्यात किंवा सोंगट्यांच्या खेळात संगणकाला मोठ्या माणसाच्या बरोबरीला आणणे तुलनेने सोपे आहे, पण वर्षाच्या मुलाची नजर आणि हालचाल त्याला देणे महाकठीण. आपण ज्याला बुद्धीचे काम म्हणून मान देत आलो ते यंत्राने आधी उचलले, आणि ज्याला नुसते हातकाम म्हणून दूर ठेवले तिथे ते अजून अडखळते आहे.

दुरुस्तीचे काम पाहायचे असेल तर नव्वद वर्षांच्या एखाद्या चाळीत प्लंबरबरोबर सकाळ काढावी. तिथे मूळची जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी नळी असते, तिला कोणीतरी सत्तरच्या दशकात जोड दिलेला असतो, पुढे कोणा भाडेकरूने मोरी मोठी करताना नळी भिंतीत बुजवलेली असते, आणि शेवटच्या टोकाला हल्लीची प्लास्टिकची नळी चिकटवलेली असते. ओल तिसऱ्या मजल्यावर दिसते, गळती चौथ्यावर असते, आणि पाणी भलत्याच तुळईवरून सरकत आलेले असते. जुना प्लंबर भिंतीला तळवा लावतो, कान लावतो, पाणी यायची वेळ विचारतो, वरच्या बिऱ्हाडात अलीकडे फरशी बदलली का याची चौकशी करतो. पान्याला हात लावेपर्यंत अर्धा तास जातो. लोखंडी नळीला आटे पाडून त्यावर सुतळी आणि सफेदा गुंडाळायचा, की ती कापून नवी जोडायची, हे ठरवताना नळीचे वय, भिंतीची ताकद आणि घरमालकाची ऐपत ही तिन्ही तो एकदम तोलतो. या तोलण्याचेच पैसे असतात. आटे पाडणे कोणीही शिकेल.

मात्र सगळीच हस्तकौशल्ये अशी टिकाऊ नसतात, आणि इथेच त्या अर्ध्या खऱ्या म्हणण्याची उरलेली बाजू सुरू होते. माझ्या लहानपणी वाडीत वर्षातून दोनदा कल्हईवाला येई. तो अंगणात खड्डा करून भाता बसवी, निखारे फुलले की भांडे तापवी, त्यात नवसागर टाकी, पांढऱ्या धुराचा लोट उठे, आणि मग कथलाचा तुकडा टेकवून कापसाच्या बोळ्याने तो असा फिरवी, की काळवंडलेले पातेले डोळ्यांदेखत उजळे. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. कल्हईवाल्याकडे तापमापक नव्हता. भांड्याच्या रंगावरून आणि धुरावरून त्याला नेमकी वेळ कळे. हे अस्सल कसब होते, तरीही ते गेले, कारण स्टेनलेस स्टीलच्या भांड्यात ताक कळकत नाही. कल्हईवाला धातूचा जो दोष सहा-सहा महिन्यांनी झाकून देई, तो दोषच नव्या धातूत राहिला नाही. तेव्हा एखाद्या वस्तूच्या एकाच ठरावीक उणिवेवर जे कसब जगते, त्याला उणीव संपताच घरी जावे लागते. आज तांब्या-पितळेची भांडी हौसेने पुन्हा घेतली जात आहेत आणि कल्हईवाल्याचा शोध सुरू झाला आहे, ही आनंदाची गोष्ट. पण हौसेवर दोन-चार माणसे जगतील, एक पिढी जगणार नाही.

गिरणगावाचा धडा याहून कडू आहे. मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५६मध्ये ताडदेवला सुरू झाली. तिच्यासारख्या गिरण्यांनी हातमागाला खाल्ले, आणि १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपानंतर, ज्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते, गिरण्याही हळूहळू मिटल्या. साचे खात्यातल्या, म्हणजे मागांवरच्या, विणकराच्या हातात कौशल्य नव्हते असे कोण म्हणेल? पण ते कौशल्य साच्याला बांधलेले होते आणि साचा मालकाचा होता. आमच्या वाडीतले दोघे गिरणीत होते, एक साचे खात्यात आणि दुसरे फिटर. संप चिघळल्यावर पहिल्यांना एका इमारतीच्या दारावर पहारेकरी म्हणून बसावे लागले. फिटरकाकांनी पाने आणि कानशी पिशवीत भरून लहानसहान कारखान्यांच्या पायऱ्या झिजवल्या, आणि दोन वर्षांत त्यांना पहिल्यापेक्षा बरे काम मिळाले. दोन माणसांवरून सिद्धान्त काढू नये हे मला समजते. तरी अवजार स्वतःच्या पिशवीत मावते की दुसऱ्याच्या छपराखाली ठोकलेले असते, हा फरक तेव्हापासून माझ्या मनातून गेलेला नाही.

वारसा-वास्तूंच्या जतनामुळेही थोडेसे काम टिकते. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या जीर्णोद्धाराला २००५मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, आणि अशा वास्तूंना सिमेंट न लावता चुन्याचेच लेपण द्यावे लागते, हे आता वास्तुविशारद मान्य करतात. पण चुन्यात गूळ आणि बेलफळाचा गर किती घालायचा हे जाणणारा गवंडी शहराला बोटावर मोजण्याइतकाच लागतो. खरी मागणी आहे ती घराघरांतल्या नळांना, तारांना, दारांना, लिफ्टना, पंपांना आणि ओल धरलेल्या भिंतींना. मुंबईसारख्या जुन्या, खाऱ्या हवेच्या, चार महिने भिजणाऱ्या शहरात ही मागणी आटण्याचे काही कारण मला दिसत नाही.

आता, पारंपरिक व्यवसायांचे गोडवे गाणाऱ्यांना जो विषय अडचणीचा वाटतो, त्याकडे वळतो. आपल्याकडे हाताच्या कामाची परंपरा ही जातीची परंपरा होती. बारा बलुतेदारांनी गाव स्वयंपूर्ण ठेवले, हे वाक्य शाळेच्या पुस्तकांतून आपण इतक्यांदा वाचले आहे, की त्यातली सक्ती आपल्याला ऐकू येत नाही. सुताराचा मुलगा सुतारच, चांभाराचा चांभारच. सुगीच्या वेळी शेतकरी देईल ते धान्य हाच मोबदला. आणि ज्यांच्याकडे गावकीची सर्वांत हलकी, घाणीची कामे, त्यांना वेशीबाहेरची जागा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६मध्ये याच मर्मावर बोट ठेवले होते, की जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे. त्याआधी १९२८मध्ये मुंबईच्या विधिमंडळात त्यांनी महार वतनाचा, म्हणजे गावकीच्या वंशपरंपरागत चाकरीचा, प्रश्न नेला. ही कनिष्ठ वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ उजाडावे लागले. आणि ४ नोव्हेंबर १९४८ला संविधान सभेत, खेडे हाच राज्यघटनेचा पाया असावा असे म्हणणाऱ्यांना त्यांनी खडसावले, की ज्या खेड्याचे तुम्ही कौतुक करता ते अज्ञानाचे आणि कोत्या मनाचे घर आहे. गांधीजींनी गावदेवीच्या मणिभवनात चरखा फिरवला, १९३७मध्ये वर्ध्याच्या परिषदेत हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली, हाताच्या कामाला प्रतिष्ठा द्यावी म्हणून आयुष्य वेचले. त्यांचा हेतू निर्मळ होता. पण हाताच्या कामाला प्रतिष्ठा द्यायची तर ते काम कोणी करावे हे जन्माने ठरता कामा नये, या बाबतीत आंबेडकरांचे उत्तर अधिक नेमके होते, असे माझे मत आहे.

हा वाद जुना झाला, असे वाटत असेल तर कारागिरांसाठीची पंतप्रधान विश्वकर्मा योजना पाहावी. १७ सप्टेंबर २०२३ला ती सुरू झाली. पाच वर्षांसाठी १३,००० कोटी रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये, प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये, आणि पाच टक्के व्याजाने दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत विनातारण कर्ज. पैसा योग्य जागी जाणारा आहे आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. पण योजनेत अठरा व्यवसाय आहेत: सुतार, लोहार, कुंभार, सोनार, चांभार, गवंडी, न्हावी, परीट, शिंपी, होड्या बांधणारे, कुलूप दुरुस्त करणारे, मासेमारीची जाळी विणणारे वगैरे. या यादीत प्लंबर नाही, वायरमन नाही, मोटर वाइंडिंगवाला नाही. आणि योजनेची भाषा आहे कुटुंबातून चालत आलेल्या कौशल्याची, गुरु-शिष्य परंपरेची. तमिळनाडू सरकारने नेमका याच गोष्टीला आक्षेप घेतला, कुटुंबाच्या व्यवसायाची अट काढा असा आग्रह धरला, आणि २०२४च्या अखेरीस पंचवीस व्यवसायांची स्वतःची योजना पुढे केली. त्या आक्षेपात राजकारण असेल, नाही असे नाही. म्हणून तो खोटा ठरत नाही.

माझ्या मते या यादीतून जे व्यवसाय सुटले, त्यांतच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. वायरमन नावाची जात नाही. प्लंबर नावाची जात नाही. नळ आणि वीज आपल्याकडे गेल्या दीड-पावणेदोनशे वर्षांत आली, त्यामुळे त्यांची कामे कोणाच्या कपाळी लिहिलेली नव्हती. मुंबईतले कितीतरी प्लंबर ओडिशाच्या केंद्रापाडा जिल्ह्यातून आलेले आहेत. एका माणसाने दुसऱ्याला बोलावले, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि एक जिल्हाच या कामात तरबेज झाला. तिथल्या पट्टामुंडईला आता हे काम शिकवणारी सरकारी संस्थाही आहे. गावचे बलुते आणि शहरातले हे कसब यांत फरक आहे तो हाच, की इथे माणूस हवे तेव्हा काम धरू शकतो आणि हवे तेव्हा सोडू शकतो. सुतारकाम आणि लोहारकामालाही जेव्हा असाच मोकळा दरवाजा असेल, तेव्हाच त्यांना भवितव्य आहे असे म्हणता येईल. आणि ज्या हातकामाला अजून जातीची बेडी आहे, त्याला भवितव्य असूच नये. सुरक्षेच्या साधनांविना गटारात माणूस उतरवणे २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. तरी माणसे गुदमरून मरतात, आणि ती कोणत्या वस्त्यांतली असतात हे आपल्याला सांगावे लागत नाही. तिथे यंत्राने हाताची जागा घेतली तर मी पेढे वाटीन.

स्वयंपूर्ण जगण्याच्या स्वप्नाबद्दल फार वेळ घालवायचा नाही. आधी कायदाच आडवा येतो: महाराष्ट्रात जो शेतकरी नाही त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि आमच्या गच्चीवरच्या निम्म्या स्वप्नाळूंच्या नावावर सातबारा नाही. ज्यांच्या नावावर आहे त्यांची गोष्टही निराळी नाही. सौर पॅनेल कारखान्यात बनते, पंपाचे वाइंडिंग शहरात होते, गाईचा डॉक्टर तालुक्याला असतो. शेजारच्या आदिवासी पाड्यावर जाऊन विचारले, तर स्वयंपूर्ण जगणे म्हणजे फाल्गुनापासून हंडा डोक्यावर घेऊन चालणे, हे पाड्यावरच्या बायका सांगतील.

शहरात तर एका घराने स्वयंपूर्ण होणे ही कल्पनाच फोल आहे. मुंबईला सात तलावांतून रोज ३,८०० दशलक्ष लिटरहून अधिक पाणी येते. १८६०मध्ये विहार तलाव बांधला तेव्हा तो शहरापासून लांब वाटत असे. १८९२ साली तानसाचे पाणी आले, आणि आता विहार-तुळशी सोडले तर सगळे पाणी ठाणे-नाशिककडच्या डोंगरांतून येते. विहारचे पाणी येण्याआधीचे शहर विहिरींवर जगत होते. चर्चगेटजवळची भिखा बेहराम विहीर १७२५ सालची आहे आणि अजून पाणी धरून आहे, पण विसाव्या शतकाच्या आरंभी मलेरियाच्या डासांपायी शहरातल्या अनेक विहिरी बुजवल्या किंवा झाकल्या गेल्या. आमच्या वाडीतल्या विहिरीवर आज लोखंडी पत्रा आहे आणि पत्र्यावर तुळशीच्या कुंड्या. ती पुन्हा उघडायची म्हटले, तर पंप बसवणारा, पाणी तपासणारा आणि गाळ काढणारा, असे तिघे लागतील. चौथ्या मजल्यावरच्या माझा त्यात काही उपयोग नाही.

म्हणून स्वावलंबनाचे माप घर हे नसून मोहल्ला आहे, असे मला वाटते. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि १२ ऑक्टोबर २०२०च्या सकाळी सारे शहर काही तास विजेविना राहिले. त्या दोन्ही दिवशी कोणाच्या घरात किती साठा होता याला फारसा अर्थ नव्हता. तळघरातले पाणी उपसणारा, बंद लिफ्टमधून माणसे काढणारा, भिजलेला मीटर-बोर्ड उघडण्याची हिंमत आणि अक्कल असणारा कोणी हाकेच्या अंतरावर आहे का, यावर सगळे होते. २००५च्या त्या रात्रीनंतर आमच्या वाडीचा मुख्य बोर्ड ज्या वायरमनने सुकवून पुन्हा जोडला, तो दोन गल्ल्या पलीकडे राहत होता. आता तो विरारला गेला आहे.

असे लोक हाकेच्या अंतरावर राहावेत यासाठी काय लागते? पहिली गोष्ट, आमची जीभ आवरणे. वकिलाला दहा मिनिटांचे हजारो रुपये देताना जो माणूस हूं की चूं करत नाही, तोच प्लंबरला म्हणतो, वायसर तर बदलला, त्याचे तीनशे? मी स्वतः असे म्हटलेले आहे. मोबाइलवरून कारागीर बोलावण्याच्या सेवा आल्या, दर ठरले, घासाघीस संपली, हे चांगले झाले. पण तिथे येणारा माणूस दर वेळी निराळा असतो, त्याच्या मिळकतीतला वाटा मध्येच कापला जातो, आणि चाळीचा इतिहास त्याच्या डोक्यात साठत नाही. आमच्या इमारतीच्या नळ्यांचा नकाशा कोणाच्याच कागदावर नाही, तो एका सत्तर वर्षांच्या माणसाच्या डोक्यात आहे.

दुसरी गोष्ट उमेदवारीची. हात बसायला वर्षे लागतात आणि ती कोणाच्या तरी शेजारी उभे राहूनच काढावी लागतात. आपल्याकडे १९६१चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. तीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला उमेदवार घेणे बंधनकारक, चार ते एकोणतीसपर्यंत ऐच्छिक. वाइंडिंगच्या गाळ्यात काका एकटे आहेत. म्हणजे शिकवण्याची सर्वांत जास्त लायकी ज्याच्याकडे आहे, तो कायद्याच्या हिशेबात आस्थापनाच नाही. त्याच्याकडे एक मुलगा दोन वर्षे राहिला तर त्याचे विद्यावेतन कोण देणार आणि त्याला प्रमाणपत्र कोण देणार, याची काही सोय नाही. विश्वकर्मा योजनेतल्या पैशाचा एक भाग अशा एकट्या मिस्त्रीच्या हाताखालच्या मुलासाठी ठेवला, जातीची आणि घराण्याची विचारपूस न करता ठेवला, तर अठराच्या यादीपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

शाळांकडून मला थोडी कमी आशा आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना कारागिरांकडे पाठवावे असे म्हटले आहे. दहा दिवसांत जत्रा होते, शिक्षण होत नाही. खरे तर महाराष्ट्राला हे बाहेरून शिकण्याची गरज नाही. स्वावलंबी शिक्षण हेच आमुचे ब्रीद म्हणणारी रयत शिक्षण संस्था १९१९ची आहे. मुंबईतल्या हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढला. तिथे मुले वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती आणि स्वयंपाक करता करता विज्ञान शिकतात, आणि त्यावरून घडवलेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम माध्यमिक शाळांतही गेला. खेड्यांतल्या शाळांनी तो घेतला. मुंबईतल्या नामांकित शाळांच्या पालकांना विचारा, तुमच्या मुलीच्या हातात वेल्डिंगची बंदूक दिली तर चालेल का. लक्ष्मणराव किर्लोस्कर जे. जे.मध्ये चित्रकला शिकायला आले होते, रंग ओळखण्यातल्या दोषामुळे ती सोडून यंत्रांची रेखाचित्रे काढू लागले, व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवू लागले, आणि १८८८मध्ये बेळगावला सायकलींच्या धंद्यात पडले; पुढचा लोखंडी नांगर आणि किर्लोस्करवाडी सर्वांना ठाऊक आहे. हात आणि डोके एकाच माणसात राहू दिले, तर काय होते याचे ते उदाहरण. आज त्यांच्यासारख्या मुलाला आपण आधी चाचणीला बसवू आणि मग शिकवणीला.

तिसरी गोष्ट जागेची, आणि ती मला सर्वांत अवघड दिसते. कारागिराला रस्त्याच्या पातळीवर, आवाज आणि वास सहन करणाऱ्या शेजारात, कमी भाड्याची जागा लागते. पुनर्विकासात नेमकी तीच नाहीशी होते. धारावीच्या कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेली कुटुंबे १९३०च्या दशकापासून मडकी घडवत आहेत. त्यांना मनोऱ्यात घर देता येईल, भट्टी कोणत्या मजल्यावर देणार? आमच्या वाडीचाही पुनर्विकास ठरला आहे. नियमाप्रमाणे वाइंडिंगच्या गाळ्याला तेवढ्याच क्षेत्रफळाचा गाळा मिळेल, कोणी त्यांना लुबाडणार नाही. पण नव्या इमारतीचा देखभाल खर्च त्यांच्या महिन्याच्या मिळकतीच्या निम्मा होईल, वार्निश सुकवायला परवानगी मिळणार नाही, आणि रस्त्यालगतच्या ऐंशी चौरस फुटांना जो भाव येईल तो पाहता त्यांचा मुलगा, जो कुरिअर कंपनीत आहे, गाळा विकून मोकळा होईल. काका स्वतःच म्हणाले, तिथे मोबाइलची कव्हरे खपतील, मोटरी कोण आणणार.

गेल्या महिन्याच्या सभेत मी ठराव मांडला, की तळमजल्यावरचा एक गाळा दुरुस्तीच्या कामासाठी राखून ठेवावा, त्याचा देखभाल खर्च सर्व सभासदांत वाटून घ्यावा, आणि त्या बदल्यात तिथल्या कारागिराने इमारतीची कामे आधी करावीत व हाताखाली एक उमेदवार ठेवावा. दर्शनी बाजूला असला गाळा शोभेल का, असे एका सभासदाने विचारले. दुसऱ्यांनी अग्निशमनाच्या नियमांचा मुद्दा काढला, तो रास्त होता. ठराव पुढच्या सभेपर्यंत तहकूब आहे, आणि तोवर प्रत्येक बिऱ्हाडावर महिन्याला किती बोजा पडेल हे मी कागदावर मांडून द्यायचे आहे. आमची बिऱ्हाडे बेचाळीस आहेत आणि गाळा ऐंशी फुटांचा, त्यामुळे आकडा फार मोठा येणार नाही.